दशम्यांची पिशवी माझी, मग गाडीची चावी कुणाची?



गेल्या रविवारी स्वाध्याय संपल्यावर आम्ही सात-आठ जणी मंदिराच्या कट्ट्यावर बसलो होतो. आमच्यातल्या एका वहिनींच्या घरी न्यूझीलंडला जायचं ठरतंय. टूरबरोबर नाही, तिथे गाडी भाड्यानं घेऊन स्वतः फिरायचं. झालं, सगळ्या सरसावून बसल्या. दशम्या किती दिवस टिकतील, मेतकूट न्यावं की भाजणी, छोटा कुकर बॅगेत बसतो का, पाणी गाळायची फडकी किती घ्यावीत. अर्धा तास हेच चाललं होतं. गाडी कोण चालवणार, रोज किती किलोमीटर, कुठल्या महिन्यात जाणार, हे एकीनंही विचारलं नाही. वहिनी म्हणाल्या, "ते सगळं आमच्याकडचे बघतात. माझ्याकडे फक्त खाण्याचं."

मी गप्प बसले, आणि घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. ही गोष्ट मला चांगली ठाऊक आहे, आणि ती शिकायची किंमत फार मोठी द्यावी लागली असती. म्हणून आज लिहिते आहे. कुणाला लागलं तर लागू दे.

माझं म्हणणं एवढंच. अशा प्रवासात आपण बायका डबा सांभाळतो आणि आखणी सोडून देतो, हे चुकीचं आहे. ते धर्माच्या नावावर चालतं, पण धर्माला धरून नाही. मर्यादा ठरवणं हे घरात आपलंच काम असतं. मग रस्त्याची मर्यादा दुसऱ्यानं का ठरवायची?

आधी माझी चूक सांगते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अकरा किलो खाणं बांधलं होतं. प्रत्येक पुड्यावर नाव आणि तारीख. विमानतळावरच्या अर्जात एकूण एक पदार्थ लिहिला होता. तिथला नियम फार कडक आहे. खाण्याची वस्तू लपवली किंवा लिहायची विसरली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. अधिकाऱ्यानं शांतपणे सगळं पाहिलं, पेढे काढून घेतले, बाकीचं परत दिलं. दंड नाही. ह्यांनी तिथेच घरच्या ग्रुपवर टाकलं, "अन्नपूर्णा पास झाली." मी फुशारले. खरं सांगते, तो मान मला आवडला होता.

आणि आखणी? आठ दिवसांत दोन्ही बेटं. "एवढे पैसे घालून चाललोय तर सगळं बघून येऊ." मी त्या कागदावर एकदाही नीट नजर टाकली नाही. गाडी घेताना काउंटरवर विचारलं, दुसऱ्या चालकाचं नाव घालायचं का? त्याचे थोडे जास्त पैसे पडणार होते. हे म्हणाले, "कशाला? मीच चालवणार." मी मान हलवली. वीस वर्षं सांगलीत गाडी चालवणारी मी, तिथे मान हलवून उभी राहिले.

सहाव्या दिवशी फ्रान्झ जोसेफहून क्वीन्सटाऊनला जायचं होतं. साडेतीनशे किलोमीटर. आपल्याला वाटतं, पुण्याहून निघालं की हायवेनं किती वेळ लागतो! पण तो रस्ता दोनच पदरी, समुद्राच्या कडेनं, मग हास्टहून डोंगरात वर चढणारा. मधेमधे एकपदरी पूल. सकाळी मी सहाला उठून भाजी-पोळी केली होती, हे आधीचे पाच दिवस सलग चालवत होते. हास्टची खिंड उतरून मकारोरा मागे टाकलं. उजव्या काचेत वानाका तळ्याचं निळं पाणी दिसायला लागलं. मी मागच्या सीटवरच्या मुलीला चटणीपोळीचा रोल करून देत होते. तेवढ्यात गाडीखाली खडखड आवाज झाला. मुलगी ओरडली, "पप्पा!" ह्यांचा डोळा लागला होता. डावीकडची चाकं खडीवर गेली होती आणि पलीकडे उतार होता.

गाडी थांबली. कुणाला काही झालं नाही. पण ह्यांचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते आणि माझ्या मांडीवर चटणी सांडलेली होती. मी म्हणाले, "मी चालवते." हे म्हणाले, "तुझं नाव नाही. काही झालं तर विमा मिळणार नाही." पुढे हावेआ तळ्याच्या काठाला एका थांब्यावर आम्ही दीड तास बसून राहिलो. मला गाडी येत होती, झोपही नव्हती, खिशात परवाना होता. आणि मी काहीही करू शकत नव्हते. अकरा किलोच्या पिशवीचा त्या क्षणी काय उपयोग होता सांगा.

आता आपल्याकडची उत्तरं एकेक घेऊ.

पहिलं उत्तर, "म्हणूनच आम्ही टूरनं जातो. जैन जेवणाची हमी असते." माझ्या जाऊबाई अशा हमीवर गेल्या होत्या. मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात, म्हणून टूरही मे महिन्यात. न्यूझीलंड पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या गोलावर आहे. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. मे महिन्यात दक्षिण बेटावर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आणि टूरचं जेवण साडेसातला! जेवणात कांदा-लसूण नव्हता, हे खरं. पण बाहेर मिट्ट काळोख. जाऊबाईंनी बाराही दिवस चार वाजता बसमध्ये खाकरे खाल्ले आणि रात्री सगळे जेवताना शेजारी बसून राहिल्या. व्रत त्यांनी पाळलं, हमीनं नाही पाळलं.

हेच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलात तर? क्वीन्सटाऊनकडे सूर्य रात्री साडेआठ-नऊच्या पुढे मावळतो. दिवसभर फिरून, खोलीवर येऊन, गरम वरणभात करून खाल्लात तरी उन्हं शिल्लक असतात. म्हणजे रात्रिभोजनत्यागाचा प्रश्न पिशवीनं सुटत नाही, महिना निवडण्यानं सुटतो. आणि महिना निवडताना आपण खोलीत नसतो, स्वयंपाकघरात असतो. चातुर्मासात आपण तसंही लांबचा प्रवास टाळतो. तो संपतो कार्तिकात, आणि तिकडे नेमका वसंत सरून उन्हाळा लागत असतो. टेकापो तळ्याच्या काठाला लुपिनची जांभळी-गुलाबी फुलं याच दिवसांत येतात. आपलं पंचांग आणि तिथलं हवामान इतकं जुळतंय आणि आपण मुलांच्या सुट्टीच्या नावाखाली अंधारात जेवायला जातो.

दुसरं उत्तर जरा जड आहे. एका काकूंनी मला सुनावलं, "श्रावकाला दिग्व्रत सांगितलंय. इतक्या लांब जायचंच कशाला?" काकू, मोठ्या आहात, तुमचा मान ठेवून बोलते. दिग्व्रत म्हणजे दिशांची मर्यादा घालून घेणं. जाऊच नका असं ते सांगत नाही. देशव्रतात त्या मर्यादेच्या आत, ठरावीक काळापुरती आणखी लहान मर्यादा घ्यायची असते. आणि दिग्व्रताचे अतिचार कोणते? त्यात एक आहे क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभानं आपलं ठरलेलं क्षेत्र वाढवत नेणं. दुसरा आहे स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली मर्यादाच विसरून जाणं. "एवढे आलोच आहोत तर तेही उरकून घेऊ" ही आपल्या प्रत्येक सहलीतली क्षेत्रवृद्धी आहे. आठ दिवसांत दोन बेटं ही क्षेत्रवृद्धी होती. मी अकरा किलो निर्दोष अन्न नेलं आणि व्रताचा मूळ अर्थ घरी विसरून गेले.

मुनिमहाराज ईर्यासमिती कशी पाळतात ते आपण लहानपणापासून पाहतो. दिवसाउजेडी चालायचं, चार हात पुढची जमीन बघत चालायचं, घाई करायची नाही. आपण गृहस्थ, आपल्याकडून तेवढं होणार नाही. पण त्यातला भाव तर घेता येईल? तिथल्या वाहतुकीच्या नियमात एक गोष्ट वाचली आणि मी थबकले. रस्त्यावर मधली रेघ आखलेली नसेल तर जेवढा रस्ता स्वच्छ दिसतो त्याच्या निम्म्या अंतरात गाडी थांबवता आली पाहिजे. बघून चाला, थांबता येईल एवढंच चाला. सूर्य मावळल्यावर गाडी काढायची नाही, हा नियम आम्ही त्या दिवसापासून केला. रात्री दिव्यावर किती जीव येऊन आपटतात ते काचेवर दिसतं. जे आपण रात्री ताटात टाळतो ते काचेवर का चालवून घ्यायचं?

तिसरं उत्तर सगळ्यात जुनं. "परदेशात बाईमाणसानं गाडी चालवायची? जमेल का?" गणपतीच्या आठवड्यात बाजारपेठेतून स्कूटी काढणारीला, ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागून रात्री घरी येणारीला हे विचारता? न्यूझीलंडमध्ये गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते, स्टिअरिंग उजवीकडे. भाड्याच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. गावाबाहेर वेगमर्यादा ताशी १००, गावात बहुधा ५०. परवाना इंग्रजीत असेल तर पाहुण्याला चालतो. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून जवळ ठेवला तर वाद नको. शिकायचं नवीन काय? मुख्य म्हणजे एकपदरी पूल. गोल पाटी, तिला लाल कड, आणि आपल्या दिशेचा बाण लहान व लाल असेल तर आपण थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी आणि आपला बाण मोठा पांढरा असेल तर आपला हक्क आधी, तरी बघूनच जायचं. एवढंच. लोणच्याचा अंदाज यापेक्षा अवघड असतो.

आता मैत्रिणींनो, एक उत्तर आपल्यातूनही येतं, आणि ते मला सर्वांत खरं वाटतं. "म्हणजे आता गाडीही आम्हीच चालवायची आणि स्वयंपाकही आम्हीच करायचा?" नाही. मुळीच नाही. आमच्या घरी आता नियम आहे, ज्यानं त्या दिवशी गाडी चालवली त्यानं कुकर लावायचा नाही. हे रागावले नाहीत, उलट खिचडी शिकले. पहिली खिचडी खाली लागली, दुसरी बरी झाली. मुलगी भांडी घासते. तिथे स्वयंपाकघर असलेल्या मोटेलच्या खोल्या सहज मिळतात, त्यामुळे हे जमतं. हॉलिडे पार्कमधलं स्वयंपाकघर सामायिक असतं, त्याच तव्यावर आधी कुणी काय भाजलं असेल सांगता येत नाही. म्हणून आपला एक तवा, एक लहान कुकर, दोन पातेली आणि गाळायचं फडकं, बस्स. विजेचा दाब आपल्यासारखाच, फक्त पिना तिरप्या असतात, तेवढा अडॅप्टर घ्या. तांदूळ, डाळ, पीठ, दूध, भाज्या, फळं मोठ्या गावातल्या दुकानात मिळतात. अकरा किलोची गरजच नव्हती. माझ्या अहंकाराचं वजन त्यात निम्मं होतं.

हो, आणि ज्यात आपलं लक्ष खरंच हवं तिथे आपण ते देत नाही. जाऊबाईंनी सगळ्यांसाठी मऊमऊ मोजे आणले, "मेरिनो-पॉसम" लिहिलेले. मेरिनो म्हणजे मेंढीची लोकर, हे सगळ्यांना ठाऊक. पॉसम म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही. तो एक प्राणी आहे. तिथल्या रानाला आणि पक्ष्यांना त्याचा उपद्रव होतो म्हणून त्याला मारतात आणि त्याचे केस सुतात मिसळतात. त्या देशाचा प्रश्न त्यांचा, त्यांना शिकवायला मी कोण? पण आपण बटाटा सोडतो आणि ते मोजे घालून मंदिराच्या पायरीपर्यंत जातो, हे मला सोसत नाही. भेट म्हणून मध आणणाऱ्याही आहेत. लेबल वाचायची सवय आपल्याला बिस्किटाच्या पुड्यापुरतीच का असावी?

येत्या कार्तिक पौर्णिमेनंतर आम्ही पुन्हा निघतोय. या वेळी आखणी मी केली आहे. वही घेऊन बसले आणि पहिली ओळ लिहिली, "एका दिवसात अडीचशे किलोमीटरच्या वर नाही." बाकी सगळं त्या ओळीच्या आत बसवलं.

फक्त दक्षिण बेट. ख्राइस्टचर्चला उतरायचं आणि त्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही. इथून थेट विमान नाही, बदलत जावं लागतं, आणि त्या दिवसांत त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं. झोपेचं खोबरं झालेलं असताना नवीन रस्त्यावर उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी टेकापो, सव्वादोनशे किलोमीटर, तीन तास धरायचे आणि थांबत चार लागू द्यायचे. तिथे तीन रात्री. एक दिवस आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी जाऊन यायचं, ३,७२४ मीटरचा तो डोंगर लांबून हात जोडायला पुरेसा आहे. मग लिंडिस खिंडीतून वानाका, साधारण दोनशे किलोमीटर, तीन रात्री. त्यानंतर टे आनाऊ, तीन रात्री. मिलफर्ड साऊंड पाहायला लोक क्वीन्सटाऊनहून एका दिवसात जाऊन येतात, जाऊन-येऊन पावणेसहाशे किलोमीटर होतात. टे आनाऊला मुक्काम केला तर एका बाजूनं एकशेवीसच. टाकी तिथेच भरून घ्यायची, वाटेत होमरचा बोगदा. शेवटी क्वीन्सटाऊन, दोन रात्री, गाडी तिथेच परत द्यायची आणि तिथूनच विमान. दर दोन तासांनी थांबा, आणि प्रत्येक थांब्यावर चालक बदल.

पश्चिम किनारा सोडला. उत्तर बेट सोडलं. हिमनद्या सोडल्या. हे सोडताना मुलगी कुरकुरली, हे म्हणाले, "लोक विचारतील, एवढंच पाहिलं?" मी म्हणाले, "विचारू देत. जितकं घेतलं तितकं नीट पाहिलं असं सांगू." आपण वर्षातून कितीदा काहीतरी सोडायचा नियम घेतो. एखादं प्रेक्षणीय ठिकाण सोडायला इतकं जड का जावं?

तेव्हा कट्ट्यावर गप्प बसले, त्या वहिनींना आता इथे सांगते. वहिनी, दशम्या करा, जरूर करा, तुमच्या दशम्यांना तोड नाही. पण आज रात्री तो आखणीचा कागद मागून घ्या. रोजचे किलोमीटर पेन्सिलीनं लिहून बेरीज करा. सूर्यास्ताची वेळ शेजारी लिहा. जिथे आकडा फार मोठा दिसेल तिथे एक गाव खोडा. आणि गाडीच्या अर्जात दुसऱ्या चालकाच्या रकान्यात तुमचं नाव घाला. त्याचे जे काही पैसे पडतील ते खाण्याच्या खर्चातून काढा, वाटल्यास पिशवी पाच किलोनं हलकी करा. दादा नाही म्हणाले तर त्यांना आमच्या ह्यांच्याशी बोलायला सांगा. ते सांगतील, त्या तळ्याच्या काठी दीड तास कसा गेला.

आमच्या अर्जात या वेळी दोन नावं आहेत. वरचं नाव माझं आहे.

जय जिनेंद्र.